क्लास शेवटच्या रांगेसाठी बसवा: ट्रेनरांसाठी डान्स-फिटनेस

ट्रेनरकडे विकायला शेवटी तासच असतात. पर्सनल ट्रेनिंगमध्ये एक तास एकाच माणसाला देता येतो, आणि सकाळ-संध्याकाळचे चांगले तास भरले की कमाई तिथेच अडते. पुढे वाढायचं तर फी वाढवायची, नाहीतर झोप कमी करायची. ग्रुप क्लासचा हिशोब वेगळा आहे. समजा, ग्रुपमधला प्रत्येक जण तुमच्या पर्सनल फीचा पाचवा हिस्सा देतो. पाच जण आले की त्या तासाचे पैसे सुटले, पंधरा आले की तिप्पट झाले. त्यातून हॉलचं भाडं, साउंड आणि परवाने वजा केले तरी तासाला चांगला भाव मिळतो.

मला मात्र हे काम आणखी एका कारणासाठी मोलाचं वाटतं. वजनांच्या विभागात जी माणसं कधीच पाऊल टाकणार नाहीत, ती डान्सच्या क्लासला येतात. आरशासमोर डंबेल उचलायला संकोचणाऱ्या बायका येतात. डॉक्टरांनी ‘काहीतरी हालचाल करा’ असं बजावलेले साठीतले गृहस्थ येतात. शाळेत खेळाच्या तासाला कायम कडेला बसणारी आणि आता तिशीत आलेली मंडळी येतात. यांना व्यायाम नको असतो, पण गाणं लागलं की यांचा पाय हलतो. त्या हलणाऱ्या पायापासून सुरुवात करून त्यांना आठवड्यातून तीन दिवस घाम गाळायची सवय लावणं हे ट्रेनरचंच काम आहे, आणि ते करताना मला आजही तितकाच आनंद होतो.

‘पण मला नाचता कुठे येतं?’

ट्रेनर मित्रांचा हा पहिला प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. तुम्हाला ठेका धरता आला पाहिजे, पुढची स्टेप वेळेवर सांगता आली पाहिजे आणि समोरच्याचा गुडघा कुठल्या कोनात वळतोय हे दिसलं पाहिजे. यातली तिसरी गोष्ट तुम्हाला आधीच येते, आणि शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तोही तिलाच. उत्तम नर्तकाला सांधे आणि श्रमाची पातळी शिकवण्यापेक्षा चांगल्या ट्रेनरला ठेका शिकवणं सोपं, असं माझं ठाम मत आहे.

या प्रकाराचा जन्मच मुळी नाच न येणाऱ्यांमुळे झाला. १९६८ साली अमेरिकेतले डॉ. केनेथ कूपर यांनी ‘एरोबिक्स’ हा शब्द लोकांपर्यंत पोहोचवला. पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन यांनी एरोबिक डान्सिंग सुरू केलं आणि शिकागोजवळ जूडी शेपर्ड मिसेट जॅझ नृत्य शिकवत होत्या. त्यांच्या वर्गातून बायका गळायला लागल्या. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा कळलं की या बायकांना नर्तकी व्हायचं नव्हतं, नर्तकीसारखं सडसडीत दिसायचं होतं. मिसेटनी मग त्यांची तोंडं आरशाकडून फिरवली, स्टेप सोप्या केल्या, चुका काढणं थांबवलं आणि वर्ग भरला. त्यातून जॅझरसाइज हा नाचातून व्यायामाचा कार्यक्रम उभा राहिला. झुंबाची गोष्टही अशीच. कोलंबियातल्या काली शहरात बेतो पेरेस एका एरोबिक्सच्या वर्गाला नेहमीची टेप विसरून गेले आणि स्वतःजवळची साल्सा-मेरेंगे या लॅटिन नाचांच्या संगीताची टेप लावून त्यांनी वर्ग निभावला. २००१ मध्ये त्याची कंपनी झाली. दोन्ही ठिकाणी शिकवण्याची दिशा समोर उभ्या असलेल्या सामान्य माणसाकडे वळली.

शिकण्याचे रस्ते तीन आहेत. पहिला, ग्रुप एक्सरसाइजचं सर्वसाधारण सर्टिफिकेट घ्यायचं आणि स्वतःची कोरिओग्राफी बसवायची. दुसरा, झुंबासारख्या कार्यक्रमाचं प्रशिक्षण घेऊन त्यांच्या नावाने क्लास घ्यायचा. तिसरा, न्यूझीलंडच्या लेस मिल्ससारख्यांचा तयार कार्यक्रम घ्यायचा. त्यात गाणी आणि स्टेप सगळं बसवून मिळतं, तुम्ही ते पाठ करून शिकवता. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी दुसरा किंवा तिसरा रस्ता सुचवते, कारण एकाच वेळी कोरिओग्राफी बसवणं आणि शिकवणं दोन्ही जमवताना दमछाक होते. एक मात्र लक्षात ठेवा. झुंबा हे नोंदणीकृत नाव आहे. लायसन्स चालू नसताना ते नाव पोस्टरवर छापता येत नाही. ‘डान्स फिटनेस’ असं साधं नाव घ्या, ते कोणीही वापरू शकतं.

बत्तीस मात्रांचा हिशोब

इथे वेळ घालवा, घाई करू नका. क्लास कोसळतो तो बहुतेक वेळा इथेच.

नाचासाठी वापरलं जाणारं बरंचसं संगीत आठ-आठ मात्रांच्या तुकड्यांत चालतं. असे चार तुकडे मिळून बत्तीस मात्रांचं एक वाक्य होतं. वाक्य संपताना गाण्यात काहीतरी बदलतं: ढोल वाढतो, गायक श्वास घेतो, नवं वाद्य येतं. हा बदल कानाला कळायला लागला की तुम्हाला मोजावं लागत नाही. तोवर मोजा. खुर्चीत बसून एक गाणं लावा, मांडीवर थाप देत एक ते आठ म्हणा आणि प्रत्येक आठ संपला की एक बोट मिटा. चार बोटं मिटल्यावर गाणं बदललं तर तुम्ही बरोबर आहात. नसेल तर पहिली मात्रा चुकीच्या जागी धरली आहे, पुन्हा सुरुवात करा. रोज दोन गाणी अशी ऐका. काही गाण्यांत मध्येच चार किंवा सोळा मात्रा जास्तीच्या येतात. अशी गाणी टाकून देऊ नका; त्या जागी जागच्या जागी मार्च ठेवा, लोकांना श्वास घ्यायला मिळतो.

गती मोजायला ॲप आहेत, पण हातानेही जमतं: पंधरा सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. ३३ ठोके भरले तर गाणं मिनिटाला १३२ च्या गतीचं. मी वॉर्म-अपला १२० ते १३०, मुख्य भागाला १३० ते १५० आणि कूल-डाउनला १०० च्या खालची गाणी घेते. अगदी नवी बॅच असेल तर पहिले काही आठवडे १३५ च्या वर जात नाही. गती वाढली की लोक पाऊल लहान टाकतात, टाच जमिनीला टेकवत नाहीत आणि पोटऱ्या भरून येतात. पाऊल मोठं आणि गती मध्यम ठेवली तर मेहनत जास्त होते आणि दुखापत कमी.

आता एक बत्तीस मात्रांचा तुकडा पायांतून काढून बघा. हा मी नव्या ट्रेनरांना सगळ्यात आधी देते.

पहिल्या आठ मात्रांत उजवीकडे ग्रेपवाइन (उजवं पाऊल बाजूला, डावं त्याच्या मागून, पुन्हा उजवं बाजूला, डावं शेजारी टेकवा) चार मात्रा, डावीकडे चार. दुसऱ्या आठमध्ये हॅमस्ट्रिंग कर्ल: उजवं पाऊल टाका, डावी टाच मागे उचला, मग उलट, असे एकूण चार कर्ल. तिसऱ्या आठमध्ये उजव्या पायाने मांबो दोनदा: उजवा पुढे, डावा जागेवर, उजवा मागे, डावा जागेवर. चौथ्या आठमध्ये उजव्या पायावर उभं राहून डावा गुडघा दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेला वर, मधल्या मात्रांना चवडा जमिनीला हलका टेकवायचा.

शेवटच्या आठचं महत्त्व समजून घ्या. आठवी मात्रा संपते तेव्हा डावा पाय मोकळा असतो, म्हणून पुढचा अख्खा तुकडा आपोआप डाव्या पायाने सुरू होतो. चौसष्ट मात्रांत दोन्ही बाजूंना सारखं काम मिळालं. आघाडीचा पाय बदलणारी अशी जागा तुकड्यात नसेल तर अख्खं गाणं एकाच बाजूने जातं, आणि महिनाभर असं चाललं की कोणाचा तरी एकच खुबा, एकच गुडघा कुरकुरायला लागतो. ही नजर ट्रेनरकडे असते.

हा तुकडा शिकवताना चारही भाग एकदम टाकू नका. आधी ग्रेपवाइन आणि मार्च. मग ग्रेपवाइन आणि कर्ल. दोन्ही पायांत बसल्यावर मांबो जोडा, मग शेवटचा गुडघा. हात सगळ्यात शेवटी. पाय पक्के व्हायच्या आधी हात दिले की दोन्ही जातात, हे मी प्रत्येक नव्या बॅचमध्ये पाहते. दुसरी पद्धत गाण्याच्या रचनेवर चालते: कडव्याला एक स्टेप, ध्रुवपदाला दुसरी, मधल्या संगीताला तिसरी. ध्रुवपद तीन-चार वेळा येतं, तेव्हा सगळ्यात मजेची पण सोपी स्टेप तिथे ठेवा. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं की लोकांच्या चेहऱ्यावर ‘ही मला येते’ हे उमटतं. या एका क्षणासाठी माणूस पुढच्या वेळी परत येतो.

चार मात्रा आधी बोला

स्टेप बदलल्यावर सांगून उपयोग नाही. आठच्या शेवटच्या चार मात्रा, म्हणजे पाच-सहा-सात-आठ, या तुमच्या बोलायच्या. पाचव्या मात्रेला दिशा दाखवा, सहा-सातला स्टेपचं नाव घ्या, आठव्याला फक्त ‘चला’. नाव, दिशा, संख्या सगळं ओरडून सांगायचा मोह आवरा. ‘उजवीकडे ग्रेपवाइन’ एवढं पुरतं. किती राहिले ते बोटांनी दाखवा: चार, तीन, दोन, आणि मग हात पुढच्या दिशेला. हे ठेक्यात म्हणायचं असतं, ठेक्याच्या बाहेर बोललात की लोकांचे पाय तुमच्या आवाजामागे जातात.

पोटाचे स्नायू आवळा, खांदे कानांपासून खाली, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, या सूचना स्टेप बदलताना देऊ नका. एखादी स्टेप स्थिर चालू असताना, आठ-आठ मात्रांचे तीन-चार तुकडे हातात असताना त्या द्या, आणि एका वेळी एकच.

लोकांकडे तोंड करून शिकवायचं की पाठ करून? दोन्ही, पण बहुतेक वेळ तोंड करून. म्हणजे तुम्ही आरशातलं प्रतिबिंब व्हायचं: तुम्ही ‘उजवीकडे’ म्हणायचं आणि स्वतः डावीकडे जायचं. हे पहिल्यांदा फार अवघड जातं. घरी एका खुर्चीला समोर बसवल्यासारखं ठेवून सराव करा, आधी नुसता मार्च आणि स्टेप-टच (एक पाऊल बाजूला, दुसरं शेजारी टेकवायचं), मग हळूहळू बाकीचं. वळणं आणि मांबोसारख्या पुढे-मागे जाणाऱ्या नव्या स्टेप पहिल्यांदा दाखवताना मात्र पाठ करा, कारण उलट दिशेने आलेला माणूस बघून लोक गोंधळतात. बसली की परत तोंड करा.

आवाजाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. रोज गाण्यावर ओरडणाऱ्या ट्रेनरच्या स्वरतंतूंवर सूज किंवा गाठी येऊ शकतात, आणि मग बोलणंच बंद ठेवावं लागतं. हेडसेट माइक ही चैन समजू नका. पहिल्या कमाईतून घ्यायच्या वस्तूंत तो सगळ्यात वर ठेवा. गाण्याचा आवाजही मोजा. अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम करता येतं, आणि प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एका तासात दिवसभराची मर्यादा संपते. लोकांना एकच तास असतो, तुम्हाला तीन असतात. तेव्हा मोबाइलवरच्या मीटरने का होईना, आवाज बघा आणि ८५ च्या आसपास ठेवा. आवाज कमी केला तर जोश जाईल ही भीती निराधार आहे. स्पीकर लोकांच्या कानाच्या उंचीवर आणला की कमी आवाजातही ठेका भरभक्कम वाटतो.

शेवटच्या रांगेकडे बघा

प्रत्येक क्लासमध्ये पहिली रांग ठरलेली असते. त्यांना सगळं येतं, त्यांचा उत्साह दांडगा असतो, आणि त्यांच्याकडे बघून शिकवलं की आपण फार छान शिकवतोय असं वाटतं. नव्या ट्रेनरला मी एवढंच सांगते की पहिल्या रांगेवर प्रेम करा, पण तुमच्या क्लासची आखणी तिच्याकडे बघून ठरवू नका. क्लास वाढतो तो शेवटच्या रांगेतून. तिथे आज पहिल्यांदा आलेली माणसं असतात. त्यांना पुढच्या डोक्यांमधून तुमचे पाय दिसत नाहीत, म्हणून ती शेजारच्याचे पाय बघतात आणि नेहमी दोन मात्रा मागे असतात.

म्हणून व्यासपीठ असेल तर त्यावर उभे राहा. नसेल तर तीन-चार गाण्यांनंतर खोलीची दिशा बदला: ‘आता सगळे मागच्या भिंतीकडे तोंड करा’ म्हणा आणि चालत तिकडे जा. मागची रांग पुढची होते. नवखा माणूस आधी थोडा घाबरतो, पण त्याला पहिल्यांदाच तुमचे पाय नीट दिसतात.

क्लासच्या आधी दाराशी उभे राहा. नव्या माणसाला तीन वाक्यं सांगा: हात सोडून द्या, फक्त पाय बघा; अडलं तर जागेवर मार्च करा, थांबू नका; पहिल्या वेळी अर्धंच जमतं आणि ते सगळ्यांचं होतं. एवढ्याने त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरतो. क्लासमध्ये त्याचं नाव घेऊन चूक सुधारू नका. धोक्याची चूक असेल, गुडघा आत कोसळत असेल, तर त्याच्या जवळून जात सगळ्यांना उद्देशून ती सूचना द्या, डोळा त्याच्याकडे ठेवा. त्याला कळतं.

प्रत्येक उडीच्या स्टेपला उडी नसलेलं रूप तयार ठेवा आणि ते आधी दाखवा. आधी सोपं, मग ‘ज्यांना हवंय त्यांनी उडी’. उलट क्रमाने दाखवलं की सोपं रूप करणाऱ्याला आपण कमी पडलो असं वाटतं, आणि न झेपणारी उडी तो मारतो.

शरीर सांभाळून

क्लासमध्ये घेण्याआधी पार-क्यू प्लससारखी आरोग्याची प्रश्नावली भरून घ्या. छातीत दुखणं, चक्कर, नुकतीच शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, असं काही असेल तर डॉक्टरांचा सल्ला येईपर्यंत थांबा. हा कागद ट्रेनर म्हणून तुम्ही पूर्वीही भरून घेत असाल. तीस माणसांच्या गर्दीत तो राहून जाण्याची शक्यता जास्त, म्हणून आठवण करून देते.

श्रम मोजायला मला बोलण्याची चाचणी सगळ्यात भरवशाची वाटते. पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाता येत नाही, ही मध्यम पातळी. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ही तीव्र. गाण्यांच्या मधल्या वीस सेकंदांत एखाद्याला काहीतरी विचारा आणि उत्तर किती लांब येतं ते ऐका. मनगटावरच्या घड्याळावर फार विसंबू नका; रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचा नाडीचा आकडा श्रमाप्रमाणे वाढत नाही. त्यांना शून्य ते दहाच्या पट्टीवर श्रम किती वाटतात ते विचारा.

तासाची आखणी अशी: आठ-दहा मिनिटं वॉर्म-अप, चाळीस मिनिटं मुख्य भाग, शेवटी आठ-दहा मिनिटं कूल-डाउन. मुख्य भागात श्रमाला दोन-तीन शिखरं असावीत, मध्ये उतार. सगळी गाणी जोरात लावली की पंचविसाव्या मिनिटाला अर्धा वर्ग पाणी प्यायला कडेला जातो. जोरदार गाण्यानंतर एकदम थांबू देऊ नका. पायांत साचलेलं रक्त हृदयाकडे यायला वेळ लागतो आणि माणसाला गरगरतं. चालत ठेवा, मग ताणाचे व्यायाम घ्या. दारात बॅग घेऊन उभ्या राहणाऱ्यांनाही हे प्रेमाने समजावून सांगा.

जमीन आणि बूट यांबाबत तडजोड करू नका. लाकडी, किंचित लवचिक जमीन सगळ्यात उत्तम. फरशी किंवा काँक्रीट असेल तर उड्या जवळजवळ काढून टाका, नडगीचं दुखणं तिथूनच सुरू होतं. गालिचावर वळणं नकोत, बूट अडकतो आणि गुडघा पिळला जातो. धावायचे खोल नक्षीचे बूटही याच कारणाने वाईट. बाजूला आधार देणारे आणि चवड्याखाली गुळगुळीत असलेले बूट सुचवा. वळताना टाच उचला, चवड्यावर फिरा, पाय जमिनीला रुतवून धड फिरवू नका. एका पायावर सलग आठपेक्षा जास्त उड्या मी देत नाही. जागा बघताना साधा नियम: हात पसरून चारही दिशांना एक मोठं पाऊल टाकता आलं पाहिजे. बसत नसतील तर माणसं कमी घ्या.

वजन उतरवण्याची आश्वासनं देऊ नका. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजने २०१२ मध्ये करवून घेतलेल्या एका छोट्या अभ्यासात झुंबाच्या वर्गात मिनिटाला सरासरी साडेनऊ कॅलरी खर्च झाल्या. आकडा आकर्षक आहे, पण त्यात भाग घेणाऱ्या निरोगी तरुण मुली होत्या. तुमच्या साठीतल्या गृहस्थांना तो सांगणं योग्य नाही. त्यांना जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस सांगा: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं तीव्र व्यायाम करावा. तीन क्लास झाले की ते त्या रेषेच्या जवळपास किंवा पलीकडे पोहोचतात, हे ऐकून त्यांना खरा आनंद होतो.

त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितलेला आहे, आणि तो नाचातून पुरेसा मिळत नाही. इथे ट्रेनर म्हणून तुमचं वेगळेपण उभं राहतं. क्लासला दोन-तीन महिने नियमित आलेल्या माणसाला तुमच्यावर विश्वास बसलेला असतो. त्याला आठवड्यातून दोन दिवस ताकदीच्या छोट्या बॅचला बोलवा: स्क्वॉट, पुश-अप, रबर बँडने ओढण्याचे व्यायाम. जो माणूस वर्षभरापूर्वी वजनांच्या विभागाकडे फिरकला नसता, तो आता तुमच्यासोबत तिथे येतो. माझ्या पर्सनल ट्रेनिंगच्या लोकांतले कित्येक जण याच वाटेने आले आहेत.

पैसे, परवाने आणि पहिली बॅच

हॉल दोन प्रकारे मिळतो: तासाच्या भाड्याने, किंवा जिमबरोबर फीच्या टक्केवारीवर. सुरुवातीला टक्केवारी बरी, कारण रिकाम्या खोलीचा बोजा एकट्यावर पडत नाही. संख्या स्थिर झाली की भाड्यावर या. भाडं भागिले एका माणसाची फी, इतकी माणसं आली की खर्च निघाला. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि त्याच्या दीडपट संख्या टिकेपर्यंत दुसरी बॅच काढू नका. फी महिन्याची किंवा ठरावीक क्लासच्या पॅकची ठेवा. रोजच्या रोज पैसे घेतले की पावसात, थकव्यात, पाहुण्यांत माणूस सहज दांडी मारतो.

गाणी वाजवायला परवाना लागतो का? बहुतेक देशांत लागतो, कारण पैसे घेऊन चालवलेला क्लास हे सार्वजनिक वादन धरलं जातं. स्ट्रीमिंगचं घरगुती खातं साधारणपणे फक्त वैयक्तिक वापरासाठी असतं. हॉलच्या मालकाकडे संगीताचा परवाना आहे का, हे करार करताना विचारा; अनेकदा तो असतो आणि तुमचं काम होतं. क्लासचे व्हिडिओ टाकणार असाल तर लोकांची लेखी संमती घ्या, आणि ज्याला नको त्याला कॅमेऱ्याच्या मागे जागा द्या. तुमचा व्यावसायिक विमा ग्रुप क्लासला लागू आहे का, तेही तपासा; पर्सनल ट्रेनिंगच्या पॉलिसीत तो असेलच असं नाही.

पहिले चार आठवडे गाण्यांची तीच यादी ठेवा. ट्रेनरला कंटाळा येतो, लोकांना येत नाही. त्यांना तिसऱ्या आठवड्यात कुठे पाय सापडू लागतात. त्यानंतर आठवड्याला एखादंच गाणं बदला, आणि लाडकं गाणं काढलं तर महिन्याभराने परत आणा. उपस्थिती लिहा. दोन क्लास न दिसलेल्या माणसाला साधा निरोप पाठवा, ‘तब्येत बरी आहे ना?’ एवढाच. फीची आठवण त्याला जोडू नका.

स्वतःचं शरीर या धंद्याचं भांडवल आहे. दिवसाला दोनपेक्षा जास्त क्लास पूर्ण ताकदीने नाचू नका. स्टेप लोकांना आल्या की तुम्ही नाच थांबवा, रांगांमधून चाला, बोला, बघा. लोक नाचत राहतात आणि तुमचे गुडघे वाचतात. आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या ताकदीच्या व्यायामाला राखून ठेवा.

आजारपण येणारच, म्हणून बदली ट्रेनर आधीपासून तयार करा. क्लासमधलाच एखादा ठेका पक्का असलेला, शेजारच्याला न हसता मदत करणारा माणूस हेरा. त्याला आधी फक्त वॉर्म-अपचं एक गाणं द्या, काही आठवड्यांनी कूल-डाउन, मग मधली दोन गाणी, आणि दरम्यान त्याला प्रशिक्षणाला पाठवा. ज्या दिवशी तो पहिलं गाणं घेईल त्या दिवसापासून त्याचं मानधन सुरू करा.